अर्ध्या कोयत्याचा पाठ : शिक्षण विभागाला आणि परीक्षा परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे

विषय : छात्राध्यापकाला शिक्षक ठरवण्याआधी त्याचं शिकवणं कुणीतरी पाहावं, याबाबत.

महोदय,

विषयाची ओळ कार्यालयीन वळणाची झाली, कारण वीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली की पत्र दुसऱ्या तऱ्हेनं सुरूच करता येत नाही. पुढचं मात्र माझ्या पद्धतीनं लिहिते. मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका जि.प. शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. खाली नाव घातलेलं नाही. १९६७ चे वर्तणूक नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले पाठ असतील.

आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे दोन-तीन छात्राध्यापक आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवायच्या सरावाला, येतात. त्यांची मार्गदर्शक शिक्षिका मी असते. म्हणजे त्यांच्या पाठ टाचणावर सही माझी, हजेरीवर सही माझी, आणि शेवटी महाविद्यालयाकडून येणाऱ्या मूल्यमापनाच्या तक्त्यावर खुणाही माझ्याच. तीन वर्षांमागची एक गोष्ट सांगते, तिच्यासाठीच हे पत्र आहे.

नोव्हेंबर होता. दिवाळी झालेली, ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे या दिवसांत गाव निम्मं होतं. मुकादमाची उचल घेतलेली माणसं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कारखान्याला जातात. लेकरं काही बरोबर जातात, काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. सहावीच्या पटावर एकतीस नावं, समोर बसलेली सतरा. त्या सतरा जणांना एक छात्राध्यापिका अपूर्णांक शिकवणार होती. अंशाधिक अपूर्णांक आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक, तास पस्तीस मिनिटांचा. मागच्या बाकावर मी, आणि माझ्या शेजारी महाविद्यालयाचे निरीक्षक सर.

पोरीनं रात्र जागून पुठ्ठ्याची भाकरी केली होती. चार तुकडे, प्रत्येकाला वेगळा रंग. प्रस्तावनेत तिनं विचारलं, "अर्धा कशाला म्हणतात?" तिला भाकरीच हवी होती, ते टाचणात लिहिलेलं होतं. पण तिसऱ्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, माझा बारका चुलता अर्धा कोयताय."

वर्ग हसला. ती बीड शहरात वाढलेली, तिला कळेना. तिनं विचारलं, "म्हणजे काय रे?"

"म्हंजे त्याचं लगीन नाही झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यो एकटाय, म्हणून अर्धा. लगीन झालं की पुरा हुईल."

इथं शंभरातल्या नव्वद छात्राध्यापकांनी "बरं, बस खाली" म्हटलं असतं आणि भाकरी काढली असती. मीसुद्धा कदाचित तेच केलं असतं, निरीक्षक समोर असताना तर नक्कीच. ती मात्र दोन क्षण थांबली आणि फळ्याकडे वळली. "तुमच्या घरची किती माणसं गेलीत?" "सात." "मग कोयते किती?" त्याच्या आधी अख्खा वर्ग ओरडला, "साडेतीन!" तिनं फळ्यावर साडेतीन लिहिलं, पूर्णांकयुक्त. मग म्हणाली, "आता मला असं सांगा, माणसं सात आणि दोघांचा एक कोयता. हे कसं लिहू?" आणि सात छेद दोन लिहिलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात माझ्या तासाला स्वतःहून चार वेळाही बोलली नव्हती, ती म्हणाली, "वर मोठा अन् खाली बारका? असं असतंय व्हय?"

तो प्रश्न म्हणजे सगळा धडा होता. त्या एका प्रश्नावर पुढची वीस मिनिटं गेली. कुणाच्या घरचे अडीच कोयते, कुणाचे दीड. पाच छेद दोन, तीन छेद दोन. एकानं विचारलं, आमच्या घरची चारच गेली, मग चार छेद दोन लिहायचं का नुसतं दोन? तास संपला. संकलन राहिलं, उपयोजन राहिलं, गृहपाठ राहिला. पुठ्ठ्याची भाकरी पिशवीतच.

निरीक्षक सरांचा शेरा लाल शाईत होता : "पाठ टाचणानुसार झाला नाही. शैक्षणिक साधनाचा वापर नाही. बोलीभाषा टाळावी. वेळेचे नियोजन नाही." पंचवीसपैकी चौदा.

सरांना मी वाईट म्हणणार नाही. ते सीएचबीवर होते, तासाप्रमाणे पैसे, तेही वर्षानं मिळणारे. त्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर तीन गावं करायची होती. हातातल्या तक्त्यात जे रकाने होते ते त्यांनी भरले. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन. हर्बार्ट नावाच्या शिक्षणतज्ज्ञाची ही पाच पायऱ्यांची पंचपदी जर्मनीहून निघून धारूरला पोचली, पण वाटेत कुणी त्यात "लेकराचं ऐकलं का" असा रकाना घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या छात्राध्यापकाचा पाठ होता. सातवी, विज्ञान. तास देखणा झाला. साधनं वेळेवर निघाली, हात वेळेवर वर गेले, उत्तरं पूर्ण वाक्यात आली. पंचवीसपैकी तेवीस. तो पाठ त्यानं आदल्या दिवशी चौथ्या तासाला त्याच पोरांकडून बसवून घेतला होता. "मी हे विचारलं की तू हात वर कर, तू नाही." बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, पाठ बसवणं म्हणजे काय ते सांगायला लागत नाही.

आता माझा भाग. सोळा आठवडे संपल्यावर माझ्याकडे तक्ता आला. दहा मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच. पोशाख, आवाज, फलकलेखन, वक्तशीरपणा वगैरे. मी दोघांनाही सगळीकडे चार दिले. दरवर्षी सगळ्यांना चारच देते. तीन दिले तर पोरांचं नुकसान, पाच दिले तर महाविद्यालयातून फोन. एका दुपारी बसून चाळीसेक टाचणांवर सह्याही केल्यात, त्यातली निम्मी टाचणं विकत लिहून घेतलेली होती हे अक्षरावरून कळत असताना. आणि त्या पोरीकडून खिचडीचं रजिस्टर लिहून घेतलं, ऑनलाइन माहिती भरून घेतली, कारण शाळेत आम्ही तिघं आणि वर्ग आठ. छात्राध्यापक आला की आम्हाला हायसं वाटतं, खोटं कशाला बोलू. तेव्हा या पत्रात दोष मोजायला बसलात तर पहिली सही माझी सापडेल.

पण त्या चौदा आणि तेवीसचं पुढं काय झालं, ते विचाराल तर काहीच नाही. दोघं बी.एड. झाले. त्यानंतर शिक्षक व्हायला जे लागतं त्यात हे गुण कुठंच येत नाहीत. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते : दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, खुल्या गटाला पास व्हायला नव्वद गुण. मग अभियोग्यता चाचणी : दोनशे प्रश्न, दोन तास. म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागतो तो त्या दोनशेतल्या गुणांवर. जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीविना भरल्या जातात. खासगी संस्थांना मुलाखत आणि अध्यापन कौशल्य पाहण्याची मुभा आहे, त्याबद्दल पुढं बोलते.

तेवीसवाला पहिल्या झटक्यात टीईटी पास झाला, चाचणीतही चांगले गुण पडले, आज शेजारच्या जिल्ह्यात नोकरीला आहे. चौदावाली टीईटीत चार-पाच गुणांनी हुकली. तो वाईट शिक्षक आहे असं मी म्हणत नाही. कष्टाळू पोरगा आहे, चांगलाही निघाला असेल. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. त्याला नोकरीचा आदेश देताना महाराष्ट्र शासनाकडं त्याच्या शिकवण्याबद्दल एका ओळीची माहिती नव्हती, आणि तिला बाहेर ठेवतानाही नव्हती.

आरटीओत लर्निंग लायसन्सला संगणकावर प्रश्न सोडवावे लागतात, ठीक आहे. पण पक्कं लायसन्स हवं तर गाडी चालवून दाखवावी लागते, दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढावा लागतो. तिथंही काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी गाडी न चालवता लायसन्स द्यावं असं कुणी नियमात लिहिलेलं नाही. आपण शिक्षकाच्या बाबतीत ते नियमातच लिहून टाकलं.

२०२५ च्या नोव्हेंबरची २३ तारीख, टीईटीचा दिवस. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. माझी चौदा वर्षं उरलीत. तीन हजार रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा टीईटी हा शब्दच नव्हता. शिक्षण हक्क कायदा २०१० ला लागू झाला, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं त्याच वर्षी टीईटीची अट घातली, आणि आपल्याकडं पहिली टीईटी झाली २०१३ मध्ये. असो, न्यायालयानं सांगितलं म्हणजे सांगितलं. फॉर्म भरला, लेकाच्या दहावीच्या पुस्तकांशेजारी माझी गाइडं मांडली आणि परीक्षेला गेले.

केंद्राच्या रांगेत माझ्या पुढं तीच उभी. चौदावाली. तिची दुसरी वेळ. हातात आरपार दिसणारा पेन, हॉल तिकीट. मला बघून ती इतकी ओशाळली की जणू चूक तिचीच आहे. "मॅडम, तुम्ही पण?" म्हणाली. मी म्हटलं, "हो बाई, मी शिकवू शकते का ते बघायचंय त्यांना." दोघी हसलो. मागं एक गुरुजी उभे होते, केस पांढरे, ते हसले नाहीत.

पेपरात बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न होते. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान कसं रचतं, यावरही एक होता, चार पर्याय. मला तो तिसऱ्या ओळीतला पोरगा आठवला. उत्तर बरोबर आलं असावं. पण ते उत्तर मी गाइडातून दिलं, आणि तिनं तीन वर्षांपूर्वी फळ्यावर दिलं होतं तेव्हा लाल शाईनं कापलं गेलं होतं.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक आहे, कारण ती अर्धी माझीही आहे. गोल काळे करायची परीक्षा आणली कशाला? कारण पाठाचे गुण विकले जात होते. मराठवाड्यात "नॉन अटेंडिंग" हा शब्द अंगणवाडीतल्या पोरालाही कळतो. वर्षभर महाविद्यालयाचं तोंड न पाहता बी.एड. झालेली माणसं मी स्वतः ओळखते. संस्थेत जागा निघाली की मुलाखत नंतर होते, आकडा आधी ठरतो, आणि तो आकडा द्यायला दोन एकर जमीन जाते. अध्यापन कौशल्याला गुण ठेवले की ते कुणाच्या पदरात पडतात हे पाहिलेल्या माणसांनीच अशी परीक्षा मागितली जिच्यात तोंड दिसत नाही. गरिबाच्या लेकराला ओळखीविना नोकरी मिळाली ती याच चाचण्यांमुळं, हे मी नाकारत नाही. आमच्याच बंजारा तांड्यावरचा एक मुलगा असा लागलाय. घरी गोरमाटी बोलणारा, आणि तांड्याच्या शाळेत पहिलीच्या लेकरांशी गोरमाटीत बोलू शकणारा तालुक्यातला तो एकमेव गुरुजी असावा. पण ते त्याला येतं हे कोणत्या चाचणीनं तपासलं? नशिबानं मिळाला.

आणि गोल काळे करायची परीक्षाही विकली गेलीच ना. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याचं पुण्याच्या सायबर पोलिसांनी उघड केलं, आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर परीक्षा परिषदेनंच २०२२ मध्ये कारवाई केली. हे तुम्हाला सांगायला नको. मला एवढंच म्हणायचंय की माणूस नको म्हणून यंत्र आणलं, आणि माणूस मागच्या दारानं आत आला. मग पुढच्या दारानं, उजेडात, नियमानं का येऊ नये?

याचं उत्तर कुणी "व्हिडिओ मागवा" असं देईल, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेत ते करून झालंय. एडटीपीए नावाची पद्धत तिथं बऱ्याच राज्यांनी लावली. छात्राध्यापकानं आपल्या तासाचे व्हिडिओ, पाठाचं नियोजन, मुलांच्या वह्यांचे नमुने आणि त्यावरचं स्वतःचं लेखन असं सगळं पाठवायचं. कुठंतरी बसलेला अनोळखी परीक्षक बहुतेक विषयांत पंधरा निकषांवर एक ते पाच गुण देणार. फी तीनशे डॉलर होती. न्यूयॉर्क राज्यानं ती २०१४ पासून सक्तीची केली आणि २०२२ मध्ये काढून टाकली. त्यातली एक गोष्ट मला आवडते : निदान वर्गातलं शिकवणं मागितलं, आणि मुलांच्या वह्या मागितल्या. पण तीनशे डॉलर बाजूला ठेवा, धारूरच्या वर्गाचा व्हिडिओ पाहून अर्धा कोयता म्हणजे काय ते दूरच्या शहरात बसलेल्याला कळणार नाही. त्याला ते पोरगं विषय सोडून बोलतंय असंच वाटेल. आणि आपल्याकडं व्हिडिओ काढून देणारं दुकान आठवड्यात उघडेल, पाठाच्या वह्या लिहून देणाऱ्यांच्या शेजारीच.

आपल्याकडं मोडकं-तोडकं का होईना, साधन तयार आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतले वीस आठवडे आले, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. हे नियम शिक्षक-प्रशिक्षणावरच्या न्या. वर्मा आयोगाच्या अहवालातून आले, आणि तो आयोग नेमायची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली ती आपल्याच महाराष्ट्रातल्या शेकडो डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या भांडणातून. एवढं रामायण होऊन जे सोळा आठवडे मिळाले, त्यांचा निवडीत उपयोग शून्य. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही लिहिलंय की शिक्षक घेताना वर्गातलं शिकवणं किंवा मुलाखत पाहावी, आणि स्थानिक भाषेत शिकवता येतं का तेही पाहावं. लिहून पाच वर्षं होऊन गेली.

मी मागते ते फार नाही. टीईटी काढा असं म्हणत नाही, विषय न येणारा माणूस वर्गात नकोच. पण सोळा आठवड्यांत प्रत्येक छात्राध्यापकाचे तीन तास बाहेरच्या माणसानं न कळवता पाहावेत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, आमची अंबाजोगाईला आहे, तिथले अधिव्याख्याते आहेत, केंद्रप्रमुख आहेत. धारूरचं पाहायला परळीचा माणूस पाठवा, परळीचं पाहायला माजलगावचा, आणि कोण कुठं जाणार ते त्याच दिवशी सकाळी चिठ्ठी टाकून ठरवा. इयत्ता आणि विषयही चिठ्ठीनंच. बसवलेला पाठ मग कुठून बसवणार? तिन्ही वेळा वेगळा माणूस. गुण नको असतील तर देऊ नका, अर्ध्या पानाचा लेखी अहवाल घ्या आणि तो पोर्टलवर सगळ्यांना दिसेल असा ठेवा, लिहिणाऱ्याच्या नावासकट. पाकीट घेऊन लिहिलेलं अर्धं पान गावासमोर उघडं पडतं. पाकीट घेऊन दिलेले तेवीस गुण पडत नाहीत.

आणि मार्गदर्शक शिक्षकाला एक पान कोरं द्या. पाचाचे रकाने नकोत. मला सोळा आठवड्यांत काय दिसलं ते मला लिहू द्या, त्याखाली माझं नाव असू द्या, आणि मी खोटं लिहिलं असं निघालं तर माझी वेतनवाढ रोखा. चार-चार देत बसण्यापेक्षा ते परवडलं. तो छात्राध्यापक पोषण आहाराचं रजिस्टर लिहिणार नाही असंही एक परिपत्रक काढा. आम्ही पाळणार नाही, पण निदान लाज वाटेल.

ते कोरं पान मला तेव्हा मिळालं असतं तर मी काय लिहिलं असतं, ते सांगते. लिहिलं असतं की हिला वेळ सांभाळता येत नाही. फळ्यावरची ओळ उजवीकडं चढत जाते. टाचण लिहिते पण त्याला बांधून घेत नाही. पोरगं काहीबाही बोललं असं वाटलं तर ही आधी विचारते, "म्हणजे काय रे?" एकतीसपैकी सतरा पोरं असलेल्या वर्गात गेलेल्या चौदांच्या आईबापांचं गणित हिनं फळ्यावर मांडलं. हंगाम संपल्यावर एप्रिलात ती चौदा परत आली, तेव्हा सात छेद दोन म्हणजे किती हे उरलेल्या सतरांनी त्यांना माझ्या मदतीशिवाय सांगितलं.

तुमच्यापैकी कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर नोव्हेंबरात या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा आठवडा बरा. घाटातला रस्ता खराब आहे, सकाळी लवकर निघा. तिसरा तास सहावीचा असतो, खिचडीच्या आधीचा, आणि नवे छात्राध्यापक तेव्हा आलेले असतात. मागच्या बाकावर माझ्या शेजारी जागा करून देईन. कळवून मात्र येऊ नका.

आपली,
एक पदवीधर शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, ता. धारूर, जि. बीड